वय हे निदान नव्हे

आमच्या घरमालकीणबाई गाडीचा ताप हाताने बघायच्या. बॉनेटवर तळहात नाही, हाताची पालथी बाजू ठेवायच्या. तळहाताला स्वतःचीच ऊब असते, तो खोटं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. बदलापूरच्या त्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तर एक उंच, पांढऱ्या अंबाड्याची बाई एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या कपाळाला हात लावून उभी आणि तिला विचारते आहे, "काय, आज कसे आहोत आपण?" मला वाटलं, घर चांगलं मिळालं पण मालकीणबाई हुकलेल्या आहेत. पुढे कळलं की घर यथातथाच होतं, हुकलेली बाई मात्र पहिल्या प्रतीची होती.

सगळे त्यांना सिस्टर म्हणत. उल्हासनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात नर्स म्हणून काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. भाजीवाल्याच्या त्या सिस्टर, रिक्षावाल्याच्या सिस्टर, आणि मी त्यांच्या सुनेच्या आईलाही "सिस्टर, जेवून घ्या" म्हणताना ऐकलं आहे. मूळच्या देशावरच्या, बोलणं सरळसोट. समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही कधी कधी बोलायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. माझ्या हातचे पोहे खाऊन त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पेशंटला चालतील."

घर म्हणजे त्यांचा वॉर्ड होता. सकाळी खिडक्या सताड उघड्या, दुपारी कोणी भेटायला यायचं नाही, चादरीचे कोपरे ताणून खोचलेले. माझ्या खोलीत येऊन त्या बोलता बोलता माझी चादर नीट करून जायच्या. पहिल्यांदा मला राग आला. नंतर मी मुद्दाम चादर विस्कटून ठेवायला लागले, म्हणजे त्या जरा वेळ बसतील.

त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं: वय हे निदान नव्हे. निदान सापडलं नाही की लोक वय सांगून मोकळे होतात, असा त्यांचा दावा होता. दवाखान्यात त्यांनी हे इतक्या डॉक्टरांना ऐकवलं होतं की तरुण डॉक्टर त्यांच्या राउंडला म्हाताऱ्या पेशंटच्या खाटेशी जरा जास्तच वेळ थांबत. नळ गळतो, दार करकरतं, पंखा खडखडतो. "जुना झालाय हो" असं कोणी म्हटलं की त्या लगेच चष्मा लावून कमरेवर हात ठेवत. "जुना झालाय हे मलाही दिसतंय. काय झालंय ते सांग."

चामटोलीला त्यांची एक जुनी सहकारी होती. दवाखान्यात आयाला मावशी म्हणतात, म्हणून ह्याही मावशीच. दोघींनी एकाच वॉर्डात जन्म काढला. सिस्टरनी हुकूम सोडायचे आणि मावशींनी त्यातले पटतील तेवढे पाळायचे, असा तो संसार होता. मग मावशी अंगणात पडल्या, खुबा मोडला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. घरची माणसं मायाळू, पण सकाळी कोणी शेतावर, कोणी अंबरनाथच्या कारखान्यात, अशी सगळी पांगणारी. पडून पडून पाठीला जखम झाली. सिस्टरनी ती बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून राउंड सुरू केला. रोज सकाळी गाडी काढायची, चामटोलीला जायचं, मावशींना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, जखम धुऊन ड्रेसिंग करायचं. एक दिवस चुकला तरी असली जखम पुन्हा तोंड उघडते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. गाडी बंद म्हणजे राउंड बंद. एवढं साधं ते गणित होतं.

मावशींनाही त्या गाडीचं कौतुक. त्या वर्षी दसऱ्याला गाडीची पूजा चामटोलीलाच झाली. मावशींच्या खाटेवरून दिसेल अशी गाडी दारात लावली, बॉनेट उघडून इंजिनाला हळद-कुंकू लावलं. मावशी पडल्या पडल्या म्हणाल्या, "शिस्टर, ही गारी रोज माझे दारान येते. पोरीसारखी. हिची ओटी नको भराला?" गाडीची ओटी भरल्याचं मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. तांदूळ आले, नारळ आला, आणि मावशींनी पेटीतून स्वतःचा हिरवा खण काढायला लावला. सिस्टरना असल्या गोष्टींचा तिटकारा. "इंजिनाला कुंकू लागलं एवढं पुरे नाही का," असं पुटपुटत त्यांनी तो खण बॉनेटच्या कडेच्या पट्टीला बांधला. पुढे थोड्याच दिवसांत तो तिथून नाहीसा झाला. रस्त्यात कुठेतरी पडला असणार, मावशींना सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

त्यानंतर हिवाळ्यात कधीतरी गाडी तापायला लागली.

म्हणजे रोज नाही. चामटोलीच्या मोकळ्या रस्त्याला काहीच नाही. बदलापूरच्या बाजारात अडकलो, पुढे रिक्षा, मागे टेम्पो, गाडी रांगत चालली की तापमानाचा काटा हळूच वर सरकायचा. तेही दर वेळी नाही. कधी तासभर गर्दीत उभी राहिली तरी काटा आपला अर्ध्यावर गप्प. असल्या दुखण्याने माणूस वेडा होतो, कारण दुसऱ्याला दाखवायला जावं तर दाखवण्यासारखं काही नसतं.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात बिलं करायचे. सिस्टरना कापूस-गॉज घ्यायला तिकडे जायचं असलं की मला सोडायच्या. एका उन्हाच्या दुपारी आम्ही रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर अडकलो आणि काटा सरळ लाल पट्टीत गेला. सिस्टरनी गाडी जागीच बंद केली. मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. एक जण बाटलीभर पाणी घेऊन धावत आला आणि बॉनेट उघडून थेट रेडिएटरच्या झाकणालाच हात घालू लागला. सिस्टरनी त्याच्या हातावर चापट मारली. "भाजशील. ताप उतरेपर्यंत कोणी काही उघडायचं नाही."

ट्रॅफिक हवालदार आला. "आजी, गाडी बाजूला घ्या. या वयात कशाला बाहेर काढता गाडी?"

"आजी तुझ्या घरी असेन," सिस्टर म्हणाल्या. "इथे मी ड्रायव्हर आहे. त्या टेम्पोवाल्याला विचारलंस का कधी त्याचं वय काय ते?"

हवालदाराने टेम्पोवाल्याकडे बघितलं आणि मग मुकाट्याने आमच्या मागची रांग वळवायला लागला. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. सिस्टर बॉनेटशी उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, आणि त्यांचं सगळं लक्ष गाडीकडे.

त्या दुपारची बातमी आमच्या आधी अंबरनाथला पोचली. त्यांचा मुलगा शिवमंदिराच्या बाजूला एका नव्या इमारतीत राहायचा. तो वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो संध्याकाळी आला, आईसाठी तिला आवडणारी सोनकेळी घेऊन आला, आणि पायऱ्यांवर बसून हळू आवाजात म्हणाला, "आई, गाडीचं वय झालं. आणि खरं सांगू का, तुझंही झालं. मधेच रस्त्यात काही झालं तर मी काय करू?"

"मावशीचं ड्रेसिंग कोण करणार?"

"बघू कोणीतरी."

"बघू कोणीतरी नावाची नर्स मी पाहिलेली नाही."

शेवटी ठरलं ते असं. रविवारी तो येणार. तोवर गाडीचं नेमकं काय दुखतंय ते कळलं आणि बरं झालं, तर ठीक. नाहीतर किल्ली त्याच्याकडे. सिस्टर "कबूल" म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी केळी मोजून मावशींची वेगळी काढली आणि रात्रीचं जेवण न करताच आडव्या झाल्या. त्या घाबरल्या आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि मला त्या मुलाचा फार राग आला, तो बरोबर बोलत होता म्हणून जास्तच.

कॅम्प चारच्या गॅरेजवाल्याला सिस्टर साईं म्हणत. सिंधी माणूस, मनाने चांगला, आणि गाडीवर त्याने मेहनतही पुष्कळ घेतली होती. रेडिएटरचं झाकण बदललं. पाईप लावून पाणी धुतलं. पाण्याचा पंप बदलला. इंजिनात पाणी गरम झालं की वाट उघडून देणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो तर साईं काढूनच टाकायला निघाला होता. "सिस्टर, इसको निकाल देते हैं. अपने इधर थंडी कहाँ है? सब लोग निकालते हैं."

"ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडतोस का? नवा बसव."

त्याने नवा बसवला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात शहाण्या मुलीसारखी वागायची. काटा अर्ध्यावर, आवाज गोड. रविवारची मुदत पडल्यावर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याच्याकडे एकच उपाय उरला होता, इंजिनाचं डोकंच उघडायचा. "हेड खोलना पड़ेगा. गाडी छोड़ के जाओ, टाइम लगेगा. और सच बोलूँ? गाडी बुढ्ढी हो गई है, सिस्टर."

तो शब्द ऐकून मी एक पाऊल मागे सरकले. पण सिस्टर चिडल्या नाहीत. त्या गॅरेजच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी त्याला मलेरिया समजावून सांगितला.

"साईं, थंडीताप असलेला माणूस सकाळी ओपीडीत येतो तेव्हा ठणठणीत असतो. डॉक्टर बघतात, काही नाही म्हणतात. घरी गेला की संध्याकाळी हुडहुडी. अशा माणसाचं रक्त कधी घ्यायचं? थंडी वाजत असताना. ताप चढतो तेव्हाच बघायचं असतं. तू हिला ताप उतरल्यावर बघतोस. पोट फाडायचं ते सगळ्यात शेवटी. उद्या सकाळी मी हिला ॲडमिट करते, आणि ताप चढेपर्यंत इथून हलत नाही."

दुसऱ्या दिवशी चामटोलीचा राउंड आटोपून आम्ही गॅरेजात हजर. मी कामाला दांडी मारली होती. गाडी सावलीत लावली, इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडं. सिस्टर पुढ्यात स्टुलावर, मांडीवर पर्स, बाजूला चहाचा थर्मास. एखाद्या नाजूक पेशंटच्या उशाशी बसावं तशा त्या बसल्या होत्या. गॅरेजवाला मधून मधून येऊन बघून जायचा आणि मान हलवायचा. शेजारच्या शटरमधला सोफे बनवणारा माणूसही येऊन उभा राहिला. चहा संपला. काटा अर्ध्यावर. मला वाटायला लागलं की रविवारी किल्ली जाणार.

मग रेडिएटरमागचा पंखा घोंघावत सुरू झाला. एरवी पंखा सुरू झाला की काटा खाली यायला हवा. तो वर निघाला.

"चढतोय," मी म्हणाले.

काटा लाल पट्टीकडे सरकला तसा गॅरेजवाला धावत आला आणि त्याचा हात किल्लीकडे गेला. सिस्टरनी त्याचं मनगट धरलं.

"आत्ता नाही."

"सिस्टर, हेड जाएगा. फिर मेरे को मत बोलना."

"नाही बोलणार. सरक."

त्यांनी पर्समधून कापसाचा बोळा काढला, त्याचा एक धागा उपटला आणि गाडीच्या तोंडाशी, जाळीसमोर धरला. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू आहे का ते बघायला नर्सा नाकाशी धरतात तसा. पंखा मागून हवा ओढत होता. डाव्या बाजूला कापूस सर्रकन जाळीला चिकटला. सिस्टरनी तो काढून उजवीकडे धरला. तिथे तो त्यांच्या बोटांतून नुसता लोंबत राहिला. त्यांनी पुन्हा डावीकडे धरला, पुन्हा उजवीकडे. सोफेवाल्यानेही मान पुढे केली.

"ह्या बाजूला श्वास नाही," सिस्टर म्हणाल्या. "बॅटरी दे."

मी मोबाईलचा उजेड वरून आत पाडला. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते. त्या फटीत, रेडिएटरला गच्च चिकटून, एक काळं फडकं पसरलेलं होतं.

"आता बंद कर."

गॅरेजवाल्याने किल्ली फिरवली. पंखा थांबला. आणि आमच्या सगळ्यांच्या देखत ते फडकं सैल झालं, घसरत घसरत फटीच्या तळाशी गेलं आणि दिसेनासं झालं.

गॅरेजवाला उकिडवा बसला. त्याने वाकून फटीच्या तळाशी बघितलं. मग म्हणाला, "हर बार पहले बंद किया हमने. बंद करके देखा."

"सगळेच तसं करतात," सिस्टर म्हणाल्या. हे त्यांनी ज्या मऊ आवाजात म्हटलं तसा आवाज मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला आहे.

त्याने तारेचा आकडा करून ते फडकं वर ओढलं. तेल आणि धूळ बसून ते काळंकुट्ट झालं होतं, पण काठ मुरगळला तसा आतून हिरवा रंग दिसला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मावशींचा खण. रस्त्यात कुठेही पडला नव्हता. गाठ सुटून आत घसरला होता, आणि पंखा लागला की उठून गाडीचा श्वास दाबत होता, तोही घडी उलगडून पसरला तरच.

सिस्टर हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "वॉर्डातही अशीच होती ती. मदत करायला यायची आणि ट्रे पाडून जायची."

गॅरेजवाला ते फडकं कचऱ्यात टाकायला निघाला तर त्यांनी त्याच्या हातातून घेतलं. "ऑपरेशनमध्ये जे निघतं ते नातेवाइकांना दाखवायचं असतं. एवढंही माहीत नाही?"

रविवारी मुलगा आला. सिस्टरनी त्याला मागच्या सीटवर बसवलं, मला पुढे. ऐन दुपारी, एसी लावून, त्याच पुलाच्या त्याच चढावर त्या मुद्दाम गर्दीत शिरल्या. मागून हॉर्न वाजत होते आणि सिस्टर पहिल्या गिअरवर इतक्या निवांत चालल्या होत्या की मलाच मागच्यांची दया आली. काटा अर्ध्यावरून हलला नाही. मुलगा दोन सीटच्या मधून मान काढून त्या काट्याकडे बघत होता. पूल उतरल्यावर त्याने मान मागे घेतली. तिथून त्यांनी गाडी परत बदलापूरकडे आणि पुढे थेट चामटोलीला घातली.

मावशींना त्यांनी नेहमीसारखं कुशीवर वळवलं. मुलगा दारातच थांबला होता. त्याने ती जखम पहिल्यांदाच पाहिली असावी. कडेने ती भरत आली होती, नवी गुलाबी कातडी धरत होती. सिस्टर ती धूत होत्या आणि मावशी भिंतीकडे तोंड करून घरच्या कोंबड्यांच्या तक्रारी सांगत होत्या. तो सगळं होईपर्यंत उभा राहिला.

मग सिस्टरनी पिशवीतून खण काढला. सोडा घालून उकळला होता तरी डाग गेले नव्हते.

"यो माझा खण? इतका काला कसा झाला?"

"तुझ्या आशीर्वादाने गाडीचा गळा आवळला होता."

सगळी हकिकत ऐकून मावशी इतक्या हसल्या की सिस्टरना त्यांची पाठ धरून ठेवावी लागली. हसू ओसरल्यावर त्यांनी हात पुढे केला. "तुमाना गाठ मारता येत नाय, शिस्टर. कवाच येत नवती. मना किल्ली द्या."

सिस्टरनी किल्ली दिली. मावशींनी दातांनी खणाचा काठ फाडला, ती चिंधी किल्लीच्या कडीतून ओवली आणि तिला गाठीवर गाठ मारली. जी किल्ली मागायला मुलगा आला होता ती त्याच्या समोरून मावशींच्या हातातून सिस्टरच्या हातात गेली. परत निघताना गाडीपाशी त्याने विचारलं, "आई, मी चालवू का?"

"तुझ्या गाडीत चालव."

जखम पुढे पूर्ण भरली. मावशी गेल्या त्या जखमेने नाही. पावसाळा संपता संपता, झोपेतच गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर बघून निघाले होते, दारात चपला घालत होते. घरच्यांची समजूत घालावी म्हणून ते म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं."

सिस्टर त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वय हे निदान नव्हे, डॉक्टर. आत चला. काल काय होत होतं, श्वास कसा होता, पायाला सूज होती का, घरच्यांना विचारा. हृदय असेल तर हृदय म्हणा. तिने आयुष्यभर तुमच्यासारख्यांच्या हातात हत्यारं दिली आहेत. तिला नीट बघून मग जा."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी चपला काढल्या आणि ते आत गेले. त्यांनी नीट बघितलं, घरच्यांना विचारलं, आणि बाहेर येऊन सिस्टरना सांगितलं की हृदयच असावं. सिस्टर "बरं" म्हणाल्या. मग त्या भिंतीशी खाली बसल्या आणि रडल्या. माझ्या खांद्याला धरून, मोठ्याने, कोण बघतंय याची पर्वा न करता रडल्या.

सिस्टरच्या मुलाचा फोन माझ्याकडे आला. आता राउंड नाही, आता तरी गाडी विकूया, तुम्ही समजवा तिला, असं तो म्हणाला. मी बघते म्हटलं. मला ते जमणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते करायचंही नव्हतं.

मावशींचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी मला खाली बॉनेट लावल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. सिस्टर इस्त्रीच्या साडीत गाडीशी उभ्या, हाताची पालथी बाजू बॉनेटवर. ड्रेसिंगची पिशवी सीटवर ठेवलेली.

"सिस्टर, आता कुठे?" मी वरून विचारलं.

"चामटोली."

"पण मावशी तर—"

"तिच्या शेजारच्या घरात एक आजोबा पडून आहेत. खात नाहीत, बोलत नाहीत." त्यांनी दार उघडलं. हिरवी चिंधी बांधलेली किल्ली त्यांच्या बोटांत होती. "घरचे म्हणतात, वय झालंय."

आणि त्यांनी गाडी सुरू केली.